बाबांच्या मागची जागा

चर्चच्या अंगणात फादरनी मोटरसायकलींवर तीर्थ शिंपडलं, वाल्बुर्गाच्या बाबांनी रांग लावली. "नवशिकी माझ्या मागोमाग. वाल्बुर्गा, तू शेवटी." रीतच तशी, पण बाबांमागची जागा आजवर तिची होती, आणि नवशिकी म्हणजे सावत्र आईची मुलगी लेनी. मत्सर असा, की देवाच्या दारातूनही सोबत निघतो. आल्प्सच्या वळणांवर वाल्बुर्गाला मागून दिसलं: लेनी बाबांच्या चाकावर डोळे लावून दर वळणाला मधली रेष ओलांडतेय. समोरून आलेला एक ट्रॅक्टर तिला चाटून गेला. बाबा तोवर वळणाआड गेले होते, त्यांना दिसलं नाही. "आपटू दे," वाल्बुर्गा हेल्मेटात पुटपुटली. कॉफीला थांबल्यावर बाबा म्हणाले, "झकास चालवतेस, पोरी." लेनीनं विचारलं, "खरंच जमतंय का गं, ताई?" ताई म्हणाली, "नाही. चाक नको बघूस. वळण संपतं, तिकडे बघ." पुढच्या वळणाला लेनी रेषेआतून सुरेख गेली. वाल्बुर्गाचा जीव भांड्यात पडला आणि जळलाही.