हात केला म्हणून

कुणाचा विश्वास बसणार न्हाई, पण कासुर्डी-खुटबाव रस्त्यावरची आमची बिनड्रायव्हरची बस दगडाबाईनं हात केल्यावर आपणहून थांबली. तपासणीला आलेल्या साहेबांना मी तेच सांगत होतो. तीस वर्षं वडापची जीप चालवली; आता या बसमध्ये नुसतं बसायची नोकरी. ब्रेकला पाय लावायचा न्हाई. माणसाच्या मदतीवाचून बस थांबली, तरच चाचणीला पुढच्या वर्षाचा निधी. न्हाईतर बस बंद, मीबी घरी. साहेब खूश होऊन लिहून घेत होते.

तेवढ्यात मागच्या सीटवरून दगडाबाई म्हणाली, "साहेब, शेखलालमामा खोटं बोलत्यात. ब्रेक त्यांनीच दाबला. हात केलेलं माणूस त्यांनी कवाच रस्त्यावर सोडलं न्हाई. त्यांचं नाव लिवा!"