ताईची गाठ

कॅन्सरच्या संशोधनासाठी चार हॉस्पिटलांमधून आलेले गाठींचे नमुने टिश्यू बँकेत जमा व्हायचे. कोणत्या प्रयोगशाळेला कोणता नमुना पाठवायचा, याची सगळी जुळवाजुळव तिच्याकडे होती. एकदा नमुना रवाना झाला की ती पुढची चौकशी करत नसे. एका गाठीच्या मात्र ती हात धुऊन मागे लागली होती.

ती गाठ तिच्या थोरल्या बहिणीची होती. संमतीपत्रावर सही करताना ताई म्हणाली होती, "माझं व्हायचं ते होईल, पण ह्या गाठीला सुखाने राहू देऊ नकोस."

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. गाठीच्या पेशी मात्र गोठवलेल्या कुप्यांमध्ये अजून जिवंत होत्या आणि बाहेर काढून ऊब दिली की जोमाने वाढायच्या. चार प्रयोगशाळांनी चार औषधं वापरून पाहिली. पेशी त्या सगळ्यांना पुरून उरल्या. दर वेळी अहवाल वाचून ती दातओठ खायची आणि पुढची कुपी पाठवायची.

आज सकाळी पाचव्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"नव्या औषधाने काम केलं. सगळ्या पेशी मेल्या, एकही उरली नाही."

ती खुर्चीत बसली. "लगेच मेल्या, की हळूहळू?"

"हळूहळू. तीन दिवस लागले. का हो?"



"आणखी दहा कुप्या पाठवते," ती शांतपणे म्हणाली. "पुन्हा मारा."