मोटेची कुरकुर

“आली बघ मोट वर,” घास चावता चावता थांबून कुशाबाई म्हणाली.

तिचा लेक गेणू ताटावरून उठून विहिरीकडं डोकावून आला. गेल्या साली बाप गेला, आणि तीन महिन्यांमागं गेणूनं विहिरीवर इंजिन बसवून मोटेचं चाक गोठ्यात टाकून दिलं. तेव्हापासून जेवायला बसलं की आईला त्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती.

“आई, मोट कुठाय आता?”

“त्येच हाकत्यात न्हवं. तुला कसं ऐकू यीना?”

देवऋष्यानं तांदूळ टाकून सांगितलं, म्हातारा बोलावतोय, अमावास्येच्या आत म्हातारीला नेणार. गेणूचा देवऋष्यावर विश्वास नव्हता, पण भीतीला विश्वास कशाला लागतो? त्याची झोप उडाली. आई विहिरीकडं निघाली की तो हातातलं काम टाकून मागं धावायचा. अमावास्येला चार दिवस उरले, तेव्हा तिला येष्टीत घालून त्यानं सुप्याहून बारामती गाठली. निघताना तिनं नवऱ्याची पानाची चंची तेवढी कमरेला खोचली. स्वतः ती पान खात नव्हती, पण तो गेल्यापासून चंची तिनं कधी दूर केली नव्हती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या कानात बत्तीचा उजेड पाडला आणि हळूच चिमटा घातला. चिमट्यात ज्वारीचा एक दाणा आला.

“हे घ्या तुमचं भूत. जबडा हलला की आत घासत होतं.”

गेणूला हसावं की रडावं कळेना. “खळ्यावर गेला आसंल, डाक्टरसाहेब. तीन म्हैने झालं.”

“तीन महिने?” डॉक्टरांनी दाणा उजेडात धरला. “हा तर कालपरवाचा वाटतो. अजून फुगलासुद्धा नाही. राहिला असता तर कान गेला असता, आजी. जपा.”

कुशाबाईनं हात पुढं केला. “द्या हिकडं. अन्न हाय, टाकू न्हये.” तो दाणा तिनं चंचीत ठेवला.

परतताना गेणू वाटभर बोलत होता. किती दिवसांनी त्याच्या जिवाला स्वस्थता आली होती! आई मात्र चंचीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

तिन्हीसांजेला सारजानं सासूपुढं ताट ठेवलं. कुशाबाईनं ते बाजूला सरकवलं.

“भूक न्हाय.”

“दमली आसंल,” गेणू बायकोला म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला गेला. परत आला तो दारातच थबकला. सारजा चुलीपाशी पाठमोरी होती.

आईनं चंची सोडली होती. तिच्या तळहातावर पाच-सहा दाणे होते. त्यातला एक निवडून तिनं जिभेवर ओला केला, मान कलती करून कानात सरकवला, आणि ताट पुढं ओढून ती भाकरी खाऊ लागली.