झेंड्यापर्यंतचं अंतर

"एकशे चाळीस यार्ड," अंतर मोजायची दुर्बीण डोळ्यावरून खाली घेत आई म्हणाली.

मुलीने बॅगेतून गोल्फचा क्लब काढला आणि फटका मारला. चेंडू देखणा उडाला, झेंड्याच्या डोक्यावरून गेला आणि झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, ग्रीनच्या, मागच्या झुडपांत शिरला. पहिलाच होल हातचा गेला.

"वारा असेल पाठीशी," आई म्हणाली.

"पान तरी हललं का?"

"वर असतो वारा. खाली कळत नाही."

फटका मारला होता तिथे गवतात अंतर दाखवणारी खुंटी रोवलेली होती. निघताना मुलीने बुटाच्या टोकाने खुंटीला हलकेच टोचलं आणि ती चालू लागली.

एरवी तिची बॅग बाबा उचलायचे. पण जिना उतरताना पडून त्यांनी पाय मोडून घेतला होता आणि आज क्लबच्या व्हरांड्यात ते प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून बसले होते. त्यांच्याऐवजी आई. गेला आठवडाभर रोज जेवण झाल्यावर बाबा टेबलावरच मैदान मांडत. मीठदाणी म्हणजे झेंडा, चमचे म्हणजे वाळूचे खड्डे, पाण्याचा पेला म्हणजे तळं.

"दुसऱ्याला डावीकडून शिर. चौथ्याला उजवीकडे झाडी आहे, तिथे मर्दुमकी नको. सातव्याचा ग्रीन मागे उतरता आहे, चेंडू पलीकडे गेला की घरंगळलाच. नवव्याला तर मागे तळं. थोडं आखूड पडलं तर निभावतं. लांब गेलं की मेलो."

आई ताटं उचलता उचलता ऐकायची. मुलीआधी तिचंच पाठ झालं.

आकडे दिसले की मुलगी बावचळते, म्हणून अंतर बॅग उचलणाऱ्याने मोजायचं आणि खेळणाऱ्याने नुसतं ऐकायचं, ही बाबांनी लावलेली शिस्त. आज दुर्बीण आईच्या गळ्यात होती.

आणि आज सगळंच पणाला लागलं होतं. शेवटी उरलेल्या दोघी मुली, नऊ होल. जी कमी फटक्यांत चेंडू झेंड्याच्या खळग्यात घालेल, तो होल तिचा. जी जास्त होल जिंकेल तिला गोल्फच्या अकादमीत जागा. अकादमी लांब, आगगाडीत एक झोप काढावी लागेल इतकी लांब. शाळा संपेपर्यंत तिथेच राहायचं. बाबांनी नवी सूटकेससुद्धा आणून ठेवली होती. आईने तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. कपडे रोज वाढत होते.

मुलगी तेरा वर्षांची होती. झोपताना अजून आईच्या कानाची पाळी धरायची. मैत्रिणींना हे सांगायचं नाही, असं तिने आईला बजावलं होतं.

दुसऱ्या होलला ती बाबांनी सांगितल्याप्रमाणे डावीकडून शिरली. आईने दुर्बीण लावली. लावून जरा वेळ तशीच उभी राहिली.

"एकशे दहा."

मुलीने क्लब घेतला. हात मुठीच्या टोकावर न ठेवता बोटभर खाली सरकवले. चेंडू झेंड्याजवळ पडला आणि बसला. होल तिचा.

"बाई गं," आईच्या तोंडून निघालं.

"नीट धर ना क्लब," ती चालताना म्हणाली. "एवढा खाली का धरतेस?"

"असंच बरं वाटतंय आज."

समोरची मुलगी चष्मेवाली. तिची बॅग तिच्या मामांनी घेतली होती. गप्प बसणं मामांना जमत नव्हतं.

"ताई, पहिल्यांदाच बॅग उचलताय वाटतं?"

"हो."

"चेहऱ्यावरून कळतंय. पोरी मजेत आहेत आणि तुम्हाला घाम फुटलाय."

आईने पदराने कपाळ पुसलं.

चौथ्याला मुलीने मर्दुमकी केली नाही. चष्मेवालीने केली आणि झाडीत चेंडू शोधत बसली. पाचवा, सहावा चष्मेवालीने घेतले. सातव्याला आई म्हणाली, "शंभर." मुलीने आईकडे पाहिलं, हात खाली सरकवले, आणि चेंडू उताराच्या अलीकडे मांजरासारखा उतरला. मामासुद्धा "वा" म्हणाले. आई चेंडूकडे बघत राहिली. बॅग खांद्यावरून घसरली तेव्हा तिला भान आलं.

"दे, मी घेते थोडा वेळ," मुलगी म्हणाली.

"नको. माझं काम आहे ते."

नववा होल आला तेव्हा दोघी बरोबरीत होत्या. व्हरांड्यात बाबा कुबडी टेकून उभे राहिले होते. चष्मेवालीचा चेंडू ग्रीनच्या कडेला पडला, झेंड्यापासून बराच लांब. आता एका फटक्याचा प्रश्न होता.

झेंड्यामागे तळं चकाकत होतं.

आईने दुर्बीण लावली. खाली घेतली, पुसली, पुन्हा लावली.

"एकशे वीस."

"नक्की?"

"नक्की."

मुलगी झेंड्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. मग तिने हात सावकाश खाली सरकवले, नेहमीइतकेच.

चेंडू वर गेला. आईने डोळे मिटले. पाण्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर होता.

पुढचा छोटा फटका कुणालाही जमला असता.

व्हरांड्यातून बाबांची शिट्टी ऐकू आली. आई बॅगेसकट खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"अहो ताई, पोरगी जिंकली," मामा म्हणाले. "रडताय काय?"

मुलगी तिच्याजवळ गुडघे टेकून बसली. सगळ्यांसमोर तिने आईच्या गळ्यात हात टाकला आणि कानाची पाळी चिमटीत धरली.

"पहिल्या होलला खुंटीवर एकशे तीस होतं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी तुझ्या आकड्यातून दहा वजा करून क्लब आखूड धरत होते," ती कानात म्हणाली. "बाबांना कळू देऊ नकोस हं, आई."