निळ्या गाडीला मेण

ओलं फडकं बंपरवर पसरून बाबा त्यावर तळहात दाबून उभे होते, तेवढ्यात फाटक वाजलं. मुलगी आत आली. न कळवता.

"काय लपवताय बाबा?"

"लपवतोय कुठे? भिजत घातलंय. वाळलेला किडा खरवडायचा नसतो, रंगावर चरे पडतात. थोडा वेळ ओला ठेवला की आपणहून सुटतो."

सवयीने त्यांनी हे सांगून टाकलं आणि मग जीभ चावली. दारात उभ्या गाडीवर इतके किडे कुठून येणार?

मुलीने पर्स पायरीवर ठेवली आणि बाह्या सरसावल्या. हिवाळ्यात बाबांना गाडी चालवतानाच भोवळ आली होती. थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली आणि मुलीने त्याच दिवशी बजावलं, "पुन्हा चालवलीत असं दिसलं, तर ही गाडी इथे राहणार नाही. मी स्वतः विकून टाकीन." ती बोलते तसं करते, हे बाबांना ठाऊक होतं. तसं वागायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"द्या एक फडकं. मीही घासते."

बाबांचा चेहरा खुलला. कुणी शिकायला पुढे आलं की ते बाकी सगळं विसरत.

"आधी दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं. फडकं गाडीवरून फिरवलं की साध्या पाण्यात खळबळायचं, मगच परत साबणात. नाहीतर तीच माती गाडीला चोळत बसशील. आणि वरून खाली यायचं. छप्पर आधी, चाकांजवळचं शेवटी."

"लहानपणी मला आंघोळही अशीच घालायचात."

"तू आरडाओरडा करायचीस. ही गुणी आहे."

मुलगी हसली, पण तिची नजर काम करत होती. दाराच्या खालच्या भागावर काळे ठिपके दिसले तशी ती थांबली.

"डांबर कुठून आलं?"

"रस्त्यावरचं असतं ते."

"मग रस्ता इथे चालत आला होता?"

"थेंबभर तेल लाव त्यावर," बाबा म्हणाले. "मऊ झालं की पुसून घे. जोर नको लावूस."

तिने जोर लावला नाही. पुसता पुसता स्टिअरिंगकडचं दार उघडलं आणि आत डोकावली.

"सीट इतकी पुढे का?"

"पुढे असली की मागची चटई झाडायला बरं पडतं."

आई चहा घेऊन आली. पायात कापडी बूट होते.

"आई, घरात बूट?"

"बरे वाटतात गं पायांना. तू आधी चहा घे."

"आणि या आरशाला ओरखडा कसला?"

"तो माझ्या हातून पडला," आई शांतपणे म्हणाली. "ती कोपऱ्यातली मोठी कुंडी आहे ना, ती नडली."

"तू पण ना! कधी व्यायाम केला नाहीस, सायकलवरसुद्धा बसली नाहीस, आता या वयात कुंड्या कसल्या हलवतेस?"

आई गालातल्या गालात हसली. बाबांनी कपात नाक खुपसलं.

मग मेणाची पाळी आली. बाबांनी गाडी कोरडी पुसून घेतली, पत्रा उन्हाने तापलेला नाही ना हे हात लावून पाहिलं. "तापल्या पत्र्यावर मेण लावायचं नाही, डाग पडतात. आणि पावाला लोणी फासतात तसं थापू नकोस. इतकं पातळ, की लावलंय का नाही अशी शंका यावी."

दोघं शेजारी शेजारी उभी राहून एकेक भाग घेत गेली. मेण वाळून धुकट दिसू लागलं की ते मऊ फडक्याने पुसायचं, खालून निळा रंग असा वर यायचा की मुलगी दर वेळी "आई, बघ ना!" म्हणायची. तिचं फडकं एकदा जमिनीवर पडलं. तिने बाबांकडे पाहिलं आणि न सांगता दुसरं घेतलं. बाबांना फार बरं वाटलं.

शेवटचं दार पुसून झाल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता माझ्याकडे बघून सांगा. चालवलीत?"

बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. "त्या दिवसापासून एकदाही नाही. तुझी शपथ."

मुलगी त्यांच्या कानांकडे बघत राहिली. बाबा खोटं बोलले की कान लाल होतात, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं. कान जसेच्या तसे होते.

तिचे खांदे सैल झाले. "म्हणजे बॅटरी उतरू नये म्हणून मेकॅनिक फिरवून आणतो वाटतं. तसं आधीच सांगायचं नाही का? मी मेली उगाच काळजी करत आले."

बाबांनी नेमका तेव्हाच चहाचा उरलेला घोट घेतला. तो गार होऊन गेला होता.

"राहू दे गाडी," ती म्हणाली. "छान दिसतेय." तिने बाबांना मिठी मारली, आईच्या गालाला मेणकट बोट लावलं आणि हात हलवत निघून गेली.

वळणापलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत दोघं फाटकात उभी होती.

"सांगून टाकायला हवं होतं," बाबा म्हणाले. "माझा जीव टांगणीला लागला होता."

"सांगितलं की ती नको म्हणणार. त्यापेक्षा एक दिवस थेट तिच्या दारात जाऊन उभे राहू. मग बोल म्हणावं काय बोलायचं ते."

"आजच जाऊ या मग. तिच्या आधी पोचू."

"आज नको. आज फक्त तळ्यापर्यंत."

बाबांनी बादल्या उपड्या घातल्या, हात पुसले आणि गाडीत बसून पट्टा लावला. शेजारी आईने चार दिवसांपूर्वी मिळालेलं लायसन्स पर्समध्ये असल्याची खात्री करून घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाली, "आणि हे बघा, आज मधेमधे शिकवायचं नाही."