फलकावरचा वकील

"या गृहस्थाचं तोंड मला बघवत नाही," एल्टन गॅफर्ड बाकावरून उठून म्हणाला. "दुकान उघडायला निघालो की रस्त्यात चार फलकांवर हाच. हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज काय, 'हॅचर लढतो!' काय! एकावर तर मी अंडं फेकलं. नेम बरोबर लागला."

कोर्टात हशा पिकला. जज मिम्सबाईंनी हातोडा आपटला, पण हसू त्यांनाही आवरेना.

व्हर्लीन प्रुइट हसली नाही. हसेल कशी? खटला तिचा होता आणि हॅचर तिचा वकील. तिचा नवरा होयट ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकसकट पुलावरून खाली गेला. लाकूड कंपनी म्हणाली, प्यायला होता. ब्रेक गेलेत म्हणून त्यानं कंपनीत जाऊन भांडण केलं होतं, ते सगळे सोयीस्कर विसरले. होयट थेंबालाही शिवत नव्हता. पण चर्चमध्ये बायका तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. कंपनीनं देऊ केलेली पैशांची तडजोड तिनं धुडकावली होती. याच गावातल्या बारा माणसांनी भर कोर्टात सांगावं, होयट प्यायला नव्हता, एवढंच तिला हवं होतं.

ती बारा माणसं, म्हणजे ज्यूरी, आज निवडायची होती. मन आधीच कलुषित आहे असं जो प्रामाणिकपणे सांगेल त्याला घरी पाठवायचं, ही इथली रीत. आणि सकाळपासून जो उठे तो हॅचरच्या नावानं बोटं मोडे. एक आजी म्हणाली, "माझा नातू 'आई' म्हणायच्या आधी याचा फोन नंबर म्हणायला लागला!" निम्मे बाक रिकामे झाले. कंपनीचा वकील कॉब पेपरमिंट चघळत मजेत बसला होता. त्याला काही करायचीच गरज नव्हती.

हॅचर मात्र खुशीत. व्हर्लीनच्या कानाशी लागून म्हणाला, "बघितलंत? सगळा जिल्हा ओळखतो. जाहिरात वाया नाही गेली."

"तुम्हाला ओळखतात हो! माझ्या होयटचं कोण ऐकणार?"

"शांत बसा, मिसेस प्रॅट. आता बघा गंमत."

"प्रुइट," ती दात आवळून म्हणाली. संताप संताप झाला तिचा.

हॅचर उठला. कोटाचं बटण लावलं, आवाजात मध घातला.

"लोकहो, माझा राग येतो? कबूल! पण मला एक सांगा. ज्यानं मला फक्त फलकावर नाहीतर टीव्हीवर पाहिलंय, आजच्या आधी ज्याच्याशी मी एक शब्दही बोललेलो नाही, त्यानं हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. त्याला तेच हवं होतं. न भेटलेल्या माणसाचा एवढा राग कशाला, हा पुढचा प्रश्न जिभेवर तयारच होता. पण लोक त्याच्याकडे बघेनात. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागे. त्यानं वळून पाहिलं.

व्हर्लीनचा हात वर होता.

"अहो, काय करताय? खाली घ्या तो हात!"

"का? खोटं बोलू?" ती उभी राहिली. "दोन वर्षं तुमच्या ऑफिसात फोन करतेय मी. दर वेळी नवी मुलगी. दर वेळी नाव सांगा, होयट कसा गेला ते पहिल्यापासून सांगा. तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात आज सकाळी, कोर्टाच्या जिन्यात. 'केस जरा विंचरा' म्हणालात."

आता मात्र कुणी हसलं नाही. कॉबनं पेपरमिंट गिळलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच उठला. "माझी हरकत आहे, जजबाई!"

"कशाला? हात वर केला त्याला?" मिम्सबाई म्हणाल्या. "बसा खाली. मिसेस प्रुइट, तुम्हीही बसा. हां, गॅफर्ड, तुम्हाला घरी जायचंय ना?"

गॅफर्ड अजून उभाच होता. त्यानं मान खाजवली. हॅचरकडे एकदा पाहिलं, व्हर्लीनकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि परत बाकावर बसून टोपी मांडीवर ठेवली.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "हिचं अजून कुणी ऐकलेलं दिसत नाही."