लेमुएलचा उजवा हात

शिकागोच्या दक्षिण भागातल्या आमच्या क्लबात नियम एकच: ब्लूज संगीताच्या सामन्यात मानाच्या खुर्चीवरचा वादक हरला तर त्यानं ती कायमची सोडायची. एकतीस वर्षं ती खुर्ची माझ्या नवऱ्याची, लेमुएलची होती. आज दुपारी पंचविशीतला क्लीव्हन माउथ ऑर्गन घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"काका, बस झालं आता. घरी बसून नातवंडं खेळवा."

"आधी वाजव, मग बडबड," लेमुएल म्हणाला.

क्लीव्हननं असं वाजवलं की लोक उठून नाचायला लागले. मग लेमुएलनं माउथ ऑर्गन ओठांना लावला. त्यावर धरलेला त्याचा उजवा पंजा इतका भरभर हलू लागला की सूर अक्षरशः हुंदके द्यायला लागला. नाचणारे जागच्या जागी थांबले.

क्लीव्हननं मान खाली घातली. "हरलो, काका. पण हात असा थरथरवायला मला शिकवा ना!"

"देव करो आणि तुला ते कधी न जमो."

सगळा क्लब खदखदून हसला.



निघताना, कुणी बघत नाही असं पाहून, मी लेमुएलच्या कोटाची बटणं लावून दिली. वर्ष झालं, तो हात थांबतच नाही.